तुम्ही न केलेली खूण

काका,

तुमचे कान शेवटपर्यंत उत्तम होते. ही गोष्ट तुम्हांला सांगू शकेल अशी एकच व्यक्ती त्या वेळी या शहरात होती, आणि ती गप्प राहिली. तुम्हांला जाऊन आता सात वर्षे झाली. इतक्या उशिरा हे लिहून काय होणार, असे तुम्ही विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. तुम्ही विचारलेल्या फार थोड्या प्रश्नांची उत्तरे मला तोंडाने नीट देता आली. कागदावर मात्र माझी वाक्ये पुरी होतात, म्हणून लिहिते आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाबांची बँकेतली बदली बनारसला झाली होती, आणि बारावीला जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन बसली होती. हिंदी मला वाचता येई, पण बोलायला तोंड उघडले की गल्लीतली भाजीवाली पदर तोंडाला लावून हसे. इंग्रजी पुस्तकातले येत होते, कानाला त्याची सवय नव्हती. आमच्या शाळेत विज्ञान मराठीतून शिकवलेले, त्यामुळे यकृत, प्लीहा, स्वादुपिंड ही मंडळी माझ्या ओळखीची होती. त्यांचीच इंग्रजी नावे कुणी उच्चारली की परक्या घरात चुकून शिरल्यासारखे वाटे. इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा तेवढी मी दिली होती. घरमालकीणबाईंनी आईला सांगितले, "ब्रह्मा घाटावर आपले एक काका आहेत, डॉक्टरकडे कागद तपासतात. त्यांना टाइपवाली मुलगी हवी आहे. मराठी असली तर बरंच, म्हणत होते." दुसऱ्या दिवशी बाबा मला रिक्षाने घेऊन आले. तुम्ही माझी गुणपत्रिका बघितलीसुद्धा नाहीत. नुसते विचारलेत, "पाठांतर आहे का?" मी मान हलवली. "छान. पण इथे पाठांतराचा उपयोग नाही. इथे ऐकायचं असतं."

तुम्ही तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात तक्त्यांवर आणि बरण्यांवर नावे लिहिण्याचे काम केले होते. हाड असो, शीर असो, आतड्याचा तुकडा असो, त्याखालची सुबक अक्षरे तुमची. तुम्ही डॉक्टर नव्हता, पण ज्याचे नाव तुम्हांला लॅटिन, इंग्रजी आणि संस्कृत अशा तिन्ही भाषांत येत नाही, असे एकही ठिकाण माणसाच्या शरीरात नव्हते. निवृत्त झाल्यावर मैदागिनजवळच्या एका खासगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी तुम्हांला बोलावून घेतले. डॉक्टर रोग्यांची पत्रे, निष्कर्ष, दुसऱ्या डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठ्या, सगळे टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवत. ते ऐकून टाइप करणे हे माझे काम, आणि जे ऐकू आले नाही ते ओळखणे हे तुमचे. डॉक्टर इंग्रजीत बोलत, मधूनच रोग्याचे शब्द हिंदीत जसेच्या तसे घालत, आणि त्यांच्या गालात सदैव पान असे. पहिल्याच दिवशी मी एक शब्द सहा वेळा मागे नेऊन ऐकला आणि रडकुंडीला येऊन तुमच्याकडे पाहिले.

"पानाच्या अलीकडचा आहे की पलीकडचा?" तुम्ही विचारलेत.

मी टेप थांबवली.

"अगं, पान डाव्या गालात असलं की डॉक्टरांचा 'स' जातो, उजव्या गालात असलं की 'र' जातो. आधी पान कुठे आहे ते ऐक, मग शब्द ऐक."

मी हसले. बनारसला आल्यापासून घराबाहेर मी हसले ती पहिली वेळ. मग तुम्ही तो शब्द तोडून दाखवलात. तुमच्या घराण्यात वेदपठण चालत आलेले, लहानपणी वडिलांनी पदे तोडून आणि पुन्हा जोडून म्हणायला लावलेले, आणि लॅटिन शब्दांनाही तुम्ही तीच शिस्त लावलीत. "स्टर्नो. थांब. क्लायडो. थांब. मॅस्टॉइड. आता जोडून म्हण." मी म्हटले. "स्टर्नम म्हणजे उरोस्थी, क्लॅव्हिकल म्हणजे अक्षक, आणि मॅस्टॉइड हा कानामागचा उंचवटा. हात लाव, लागेल तुझ्या बोटाला. स्नायू निघतो कुठून आणि पोचतो कुठे, ते नावातच लिहून ठेवलं आहे. पत्ताच आहे तो." मी कानामागे हात नेला. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा त्या क्षणी मला जास्त मिळाल्यासारखे वाटले होते, हे मी तुम्हांला कधी सांगितले नाही.

ज्या जागी शब्द लागत नसे तिथे मी ठिपके टाइप करायचे, वहीच्या कागदाची एक पट्टी घ्यायची, आणि तिच्यावर क्रमांक घालून शब्द जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहायचा, अशी तुमची पद्धत. तुमचे डोळे दुपारनंतर थकत, म्हणून तुम्ही एक वाजता घरी जात असा. उरलेले शब्द आणि कॅसेट घेऊन मी पाचच्या सुमारास ब्रह्मा घाटावर येत असे. दारातूनच काकूंचा आवाज ऐकू येई, "आली बघा हड्डी-पसली घेऊन! बस गं आधी, चहा घे. आणि तुम्ही हो, माझ्या शेगडीशेजारी ते कलेजं-गुर्दं काढू नका, सोवळ्यात आहे मी. काय आतडी उसवायची ती तिकडे बरामद्यात जाऊन उसवा."

"आज नुसता गुडघा आहे गं," तुम्ही म्हणत असा.

"गुडघा चालेल. माझाही बघून घ्या मग, पंधरा दिवस झाले दुखतोय, त्याचं नाव कुणी विचारत नाही."

काकूंची मराठी मला फार आवडे. भाजीला तरकारी म्हणणारी, 'जल्दी कर' म्हणणारी, आणि तरीही माझ्या आजोळच्या बायकांसारखीच हेल काढणारी. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून मी बसत असे, आणि तुम्ही तुमच्या जुन्या टेपरेकॉर्डरला कान लावून डोळे मिटत असा. एकदा ऐकून अक्षरे, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा अर्थ. चौथ्यांदा तुम्हांला कधी लागले नाही.

तुम्ही मला एकदाच रागावलात, तो दिवस मला अक्षरन् अक्षर आठवतो. माझ्या पट्टीवर 'इलियम' असा शब्द होता, आणि त्याच्यासमोर मी स्वतःच काट मारली होती, कारण तो मला आला आहे असे वाटून मी पत्रात थेट टाइप करून टाकला होता. देवनागरीत तो एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र ते दोन आहेत, त्यांच्यात एका अक्षराचा फरक, आणि कानाला तेवढाही नाही: एक कमरेचे हाड, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. मी हाडाचे स्पेलिंग केले होते.

"त्या माणसाला महिनाभर जुलाब होताहेत," तुम्ही पत्र माझ्यासमोर धरलेत, "आणि तू त्याच्या कमरेच्या हाडात व्रण घातलास!"

"मला वाटलं..."

"वाटलं तर ठिपके."

"मला कोरी जागा सोडायची सवय नाही, काका. मी पेपरात कधी प्रश्न सोडला नाही." हे मी खाली मान घालून बोलले, पण त्यात ताठा होता, आणि तो तुम्ही ऐकलात.

"पेपरात चुकलं तर तुझा एक गुण जातो," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नव्हता, तरी काकू हातातली पळी तशीच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. "इथे चुकलं तर कुणाचं काय जाईल ते तुला कळणारसुद्धा नाही. जे आलं नाही ते आलं नाही म्हणून लिहायला शिक. ते येत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." मग काकूंनी मला दडपे पोहे दिले आणि तुम्हांला म्हणाल्या, "पोरीला रडवलंत. आता तुम्ही चहा आपल्या हाताने करा." तुम्ही खरोखरच उठून चहा केलात. फार वाईट झाला होता.

त्यानंतर बरेच महिने मी ठिपके सोडत राहिले. पण दवाखान्यात पत्रे पाकिटात घालणारे जे बाबू होते, त्यांना माझ्या ठिपक्यांची गंमत वाटू लागली होती. रोज कागद घेताना ते विचारत, "कहो मराठी टॉपर, आज कितने गड्ढे छोड़े?" मी कागद पुढे सरकवत असे. बोलता न येणाऱ्या माणसाला चेष्टा फार खोल लागते, काका. रात्री अंथरुणावर मी त्यांना द्यायची उत्तरे तयार करत असे, शुद्ध हिंदीत, आणि सकाळी ती सगळी विसरत असे. एक दिवस असा यावा की एकही खड्डा नाही, आणि बाबूंना विचारायला काही उरले नाही, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

पत्र पुरे झाले की तुम्ही तळाशी लाल पेन्सिलीने एक खूण करत असा: तिरकी रेघ, आणि तिच्या खाली एक ठिपका. ती खूण नसलेला कागद बाबू पाकिटात घालत नसत. आणि ज्या मंगळवारी तुमच्या वडिलांचे श्राद्ध होते, त्या दिवशी तुम्ही येणार नव्हता. आदल्या रविवारी डॉक्टर नदीपलीकडच्या एका गावात शिबिराला गेले होते, तिथली कॅसेट माझ्यापुढे होती. शिबिराच्या सगळ्या पत्रांवर शिबिराचीच तारीख घालायची असा नियम होता. त्यांतली काही पत्रे दर गुरुवारी बाहेरून येणाऱ्या शल्यविशारदांसाठी होती. त्यांच्या शस्त्रक्रियांची यादी त्या पत्रांवरून ठरे. बाबूंनी सकाळीच सांगितले, "आज सब चाहिए, पंडितजी आएँ चाहे न आएँ।" दवाखान्यात तुम्हांला सगळे पंडितजीच म्हणत.

शेवटचे पत्र एका स्त्रीचे होते. डॉक्टर म्हणतात, उजव्या बाजूला सूज आहे, आणि नेमके त्या वेळी जनरेटर सुरू होतो. जागेचे नाव त्या घरघरीत बुडते. शेवटचे '-अल रीजन' तेवढे वर येते. मग जनरेटरपासून दूर गेल्यावर आवाज स्वच्छ होतो: "पेशेंट कहती है जाँघ में गाँठ है, तीन महीने से। शर्माती है, ठीक से दिखाती नहीं।"

मी अकरा वेळा ऐकले. ठिपके टाइप केले. पट्टीवर 'अल' असे लिहिले. मग पुन्हा ते हिंदी वाक्य ऐकले, आणि एकदम उजेड पडला. जांघ. आमच्या गावात जांघ म्हणजे ओटीपोट आणि मांडी यांच्यामधला सांधा. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, आई तिथे लेप लावते. त्या जागेचे इंग्रजी नाव मला येत होते, तुम्हीच शिकवले होते, आणि त्याचा शेवटही 'अल'नेच होत होता: इंग्वायनल. इंग्वायनल रीजन. सगळे जुळले. शब्द ऐकू आला नव्हता तरी मी तो अर्थावरून पकडला होता, अगदी तुम्ही पकडता तसा. ठिपक्यांवर मी शब्द बसवला. श्राद्धासाठी तुम्ही पंचगंगा घाटावर होता, तिथपर्यंत जायला मला दहा मिनिटे लागली असती. श्राद्धाच्या दिवशी कसे जायचे, असे मी मनाशी म्हटले, पण ते खरे कारण नव्हते. संध्याकाळी तुमच्या घरी येता आलेच असते. मी तुमचा खण उघडला, लाल पेन्सिल काढली, आणि सगळ्या पत्रांखाली तिरकी रेघ आणि ठिपका काढला. अक्षर वळवायची मला लहानपणापासून सवय आहे.

"गड्ढे?" बाबूंनी विचारले.

"एक भी नहीं," मी म्हटले. उच्चारही बरोबर आला.

शुक्रवारी दवाखान्यातल्या आयाबाई माझ्या खोलीत येऊन जमिनीवर बसल्या. आदल्या दिवशीच्या शस्त्रक्रियांविषयी त्यांना कुणाशी तरी बोलायचे होते, आणि मी मध्ये बोलत नाही म्हणून त्या नेहमी माझ्याशी बोलत. "का बताईं बिटिया," त्या म्हणाल्या, "चार-चार मरद खड़ा रहलन, आ ऊ बेचारी मुँह पर अँचरा धइले बस इहे कहत रहल, जाँघ में साहेब, जाँघ में।" असे म्हणत त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली, गुडघ्याच्या वीतभर वर. मी त्या हाताकडे बघत राहिले. हिंदीत जाँघ म्हणजे मांडी, हे बनारसला येऊन दोन वर्षे झाल्यानंतर मला त्या हाताने सांगितले. पत्रात जांघेतली गाठ लिहिली होती, म्हणून यादीत हर्निया लिहिला गेला. त्या बाईची तशी तयारी केली गेली, टेबलावर घेतले, पुरुषांसमोर जिथे उघडे पडायचे काहीच कारण नव्हते तिथे तिला उघडे केले, आणि शल्यविशारद दाबून दाबून शोधत राहिले. गाठ सापडेना तेव्हा ते तिच्यावरच ओरडले, "बोलती क्यों नहीं, कहाँ है?" ती बोलत होती. बरोबर शब्द बोलत होती. शेवटी गाठ मांडीत सापडली, तेव्हा ते म्हणाले की हिची आधी वेगळी तपासणी हवी, पुढच्या गुरुवारी आणा. ती बाई त्याच दुपारी उठून नवऱ्याबरोबर गेली. पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्याही पुढच्या नाही. पुढे वर्षभर मी दर गुरुवारची यादी आधी तिच्या नावासाठी वाचत असे. नोंदवहीत तिच्या गावाचे नाव होते. मी तिथे गेले नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टर कागद हातात घेऊन खोलीत आले. मी यंत्रात नवा कागद घालत होते.

"पंडितजी, यह निशान आपका ही है न?"

तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात. मला वाटले, आता ओळखतील. पण मी खूण फार चांगली काढली होती, आणि पत्रावर तारीख शिबिराच्या रविवारची होती, तुम्ही नव्हता त्या मंगळवारची नव्हे.

"है तो मेरा ही।"

"मैंने फीमोरल बोला था। आपने क्या सुना?" फीमोरल म्हणजे मांडीचा; शेवट त्याचाही 'अल'नेच.

तुम्ही बराच वेळ आठवत राहिलात. जे तुम्ही कधी ऐकलेच नव्हते ते तुम्ही आठवत होता. "कैसेट एक बार..." तुम्ही म्हणालात.

"उस पर तो मैं नया बोल चुका हूँ।" डॉक्टर रागावले असते तर कदाचित तुम्ही भांडला असता. पण त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं, उम्र है। एक बार कान दिखा लीजिए।"

ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमच्या आवाजात संशय नव्हता, माझ्यावरचा तर मुळीच नव्हता. एखादी ठेवलेली वस्तू सापडत नसली की घरातल्या मुलाला विचारावे, तसे तुम्ही विचारलेत, "बाळ, मी ऐकलं होतं का गं हे?"

मी म्हटले, "हो, काका."

त्या महिनाअखेर तुम्ही काम सोडलेत. जाताना लाल पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता खूण तू करत जा. तुझा कान तयार झाला आहे." मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तुमच्या पायांना हात लावला. डॉक्टरांनी तुमची जागा मला दिली. बाबू त्यानंतर मला 'बहनजी' म्हणू लागले.

पुढेही मी तुमच्या घरी येत राहिले, आता पट्ट्या न घेता. येणे बंद केले असते तर ते अधिक प्रामाणिक झाले असते. कामाविषयी तुम्ही एकदाही विचारले नाहीत. तुमच्या बरामद्यातून शेजारच्या मंदिराचा मंडप दिसे, तिथे संध्याकाळी घाटावरची मंडळी पाठ म्हणत, आणि चूक धरायला तुम्हांला मध्ये बसवत. त्या थंडीत एका संध्याकाळी मी काकूंबरोबर मटार सोलत बसले होते. पाठ चालू आहे. एकाएकी तुमचे तर्जनीचे बोट वर येते, नेहमी येई तसे. अर्ध्यावर थांबते. तुम्ही डावीकडे पाहता, उजवीकडे पाहता, बाकी कुणाला काही खटकले का ते बघता. कुणालाच खटकलेले नसते. तुम्ही बोट खाली घेता आणि मांडीवर ठेवता. पाठ पुढे जातो. चूक झाली होती, काका. मला वेद कळत नाहीत, पण चूक झाली होती, हे मला तुमच्या बोटावरून कळले. तुम्हांला ते तुमच्या कानावरून कळायला हवे होते, आणि तुम्हांला ते कळलेही होते, फक्त तुमचा त्यावर विश्वास उरला नव्हता. त्यानंतर गुडघ्याचे कारण सांगून तुम्ही मंडपात जाणे सोडलेत. काकू म्हणाल्या, "गुडघा माझा दुखतोय आणि बसून राहिलेत हे."

एक गोष्ट मी त्या दीड वर्षात कटाक्षाने पाळली. 'जांघ' हा शब्द तुमच्या घरात माझ्या तोंडून निघू दिला नाही. तुमचा जन्म इथला, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असे तुम्ही वाढलेले. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ तुम्हांला दूध पिण्याच्या वयापासून ठाऊक. रोग्यांची हिंदी वाक्ये पत्रात इंग्रजी होऊनच जात, त्यामुळे त्या पत्रात तुम्ही नुसता 'इंग्वायनल' पाहिला होता. त्याच्यामागे तो हिंदी शब्द होता हे तुम्हांला कुणी सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्ही क्षणात हसून म्हणाला असता, ही तर महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची चूक, माझी कशी असेल? म्हणून मी तो शब्द टाळला. एकदा काकूंनीच विचारले, "अगं, तुझ्या आईच्या मांडीला म्हणे फोड आलाय?" फोड खरे तर जांघेत होता, पण मी घाईने, "नाही, पोटरीला," असे खोटे सांगितले. इतकी मी सावध होते. जी सावधगिरी त्या एका शब्दाला हवी होती ती सगळी मी नंतर तो लपवण्यात वापरली.

पुढच्याच्या पुढच्या माघात तुम्ही साध्या तापाने गेलात. तेराव्याला घाटावरचे एक आजोबा म्हणाले, "त्यांच्या कानासारखा कान नव्हता या घाटावर. शेवटी तोच गेला बिचाऱ्यांचा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी वाढत होते. मी पुढच्या पानावर मीठ वाढले.

बाबांची पुन्हा बदली झाली, आईबाबा परत गेले. मी मात्र इथेच राहिले, त्याच दवाखान्यात. आता संगणक आला आहे, डॉक्टरांनी पान सोडले आहे, आणि शब्द बरेच स्पष्ट ऐकू येतात. काकू अजून तिथेच असतात. डोळ्यांनी त्यांना फार थोडे दिसते. महिन्यातून एकदा मी जाते, आणि त्या दर वेळी कुठून तरी विषय तुमच्या कानांवर आणतात. "मला म्हणायचे, मला काही ऐकू येईनासं झालंय. आणि रात्री उंदीर फिरला तरी तेच आधी उठायचे. मला तर काही समजलंच नाही ते." त्या अजून समजून घ्यायचा प्रयत्न करत असतात. तुम्हांला लिहिणे सोपे आहे, काका, कारण तुम्ही काही विचारणार नाही. खरे तर हे ज्यांना वाचून दाखवायला हवे त्या दहा मिनिटांच्या वाटेवर बसलेल्या आहेत.

इथवर लिहून झाले ते परवा. काल दुपारी हे कागद पिशवीत घालून मी ब्रह्मा घाटाकडे गेले. काकू दाराच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या, बोटांनी चाचपून. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिले. त्यांचे हात थांबले.

"कोण गं?" त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

मी उभी होते. त्यांनी मान तिरकी करून थोडा वेळ वाट पाहिली.

"कुत्रं असेल," असे स्वतःशीच म्हणून त्या पुन्हा तांदूळ चाचपू लागल्या. मी आल्या वाटेने परत फिरले. चपला मी येतानाच गल्लीच्या तोंडाशी काढून हातात घेतल्या होत्या, हेही लिहून ठेवते.